सामूचे जनक सोरेनसेन

कुंडीतल्या जास्वंदीची पाने पिवळी पडली की आज माळी मातीचा सामू विचारतो. आम्लता अंकांत सांगणारे हे माप डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी जगाला दिले.

९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. कोपनहेगन विद्यापीठात ते वैद्यक शिकण्यासाठी गेले. परंतु पुढे रसायनशास्त्रात रमले. १९०१ मध्ये कार्ल्सबर्ग या बिअर उद्योगाच्या प्रयोगशाळेतील रसायन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. आम्लता किंचित बदलली तरी विकरांचे कार्य बदलते, हे तेथील संशोधनात महत्त्वाचे ठरत होते. पण हायड्रोजन आयनांचे अतिसूक्ष्म आकडे हाताळणे जिकिरीचे होते. १९०९ मध्ये त्यांनी लॉगरिदमच्या आधारे ते सुटसुटीत अंकांत बसविले. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. पत्नी मार्ग्रेथ यांचीही संशोधनात त्यांना साथ लाभली. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

बिअरच्या प्रयोगशाळेतले हे माप पुढे शेतात आणि बागेतही पोहोचले. कुंडीत माती मोजकीच असते. चुनखडीयुक्त जड पाणी सतत घातले, तर सामू चढत जातो. मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी नुसते खत वाढवून रोप सावरत नाही. आधी सामू मोजावा लागतो, ही दृष्टी सोरेनसेन यांची देणगी होय.