ऑक्टेनचा आकडा आणि मिजली यांचे शिसे

पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलच्या शेजारी हल्ली ९५, ९७, १०० असे आकडे लिहिलेले महाग पेट्रोलही मिळते. नवी टर्बो गाडी घेतलेल्याला प्रश्न पडतो, की हेच भरायला हवे का? साधी गाडी असलेल्याला वाटते, की महाग पेट्रोलने आपलीही गाडी जास्त पळेल. हा आकडा म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन. तो वाढवण्याचा सर्वात स्वस्त उपाय शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकी अभियंत्याने शोधला. त्याची किंमत मात्र जगभरच्या लहान मुलांच्या आरोग्याने मोजली. भारतात हा उपाय पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडावे लागले.

या अभियंत्याचे नाव थॉमस मिजली. त्यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक होते. मिजली ओहायो राज्यातील कोलंबस शहरात वाढले आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. रसायनशास्त्र त्यांनी पुढे कामाच्या ओघात, बरेचसे आपले आपणच आत्मसात केले. १९१६ मध्ये ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. हँडल फिरवून गाडी सुरू करण्याच्या कष्टातून लोकांना सोडवणारा विजेचा स्टार्टर याच केटरिंग यांनी तयार केला होता.

इंजिनातली टकटक

केटरिंग यांनी मिजली यांच्यावर सोपवलेले काम होते इंजिनातल्या नॉकिंगचे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. हे जळणे शिस्तीत झाले तर पिस्टन नीट ढकलला जातो. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटते. त्या धक्क्याचा टकटक असा धातूचा आवाज येतो. शक्ती वाया जाते आणि धक्के जोराचे असतील तर पिस्टनला भोकही पडू शकते. इंजिनातून जास्त काम काढायचे तर मिश्रण जास्त दाबायला हवे आणि जास्त दाबले की नॉकिंग सुरू. मोटार उद्योगाची वाट या एका अडचणीने अडवली होती.

सुरुवातीची कल्पना गमतीची होती. कडाक्याच्या थंडीतही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर लाल रंगवलेले इंधनही लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क निघाला. प्रयोगशाळेत लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन घातले आणि टकटक खरोखर कमी झाली. मग खरे लाल रंग वापरून पाहिले, तर त्यांचा काही उपयोग होईना. उलट आयोडीनची रंगहीन संयुगे उपयोगी पडली. म्हणजे तर्क चुकीचा होता, पण एखादा रासायनिक पदार्थ चिमूटभर घालून नॉकिंग थांबवता येते, हे कळले.

पुढची काही वर्षे एकामागून एक पदार्थ तपासण्यात गेली. आयोडीन महाग होते आणि इंजिन गंजवत होते. सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगे गुणकारी ठरली, पण टेल्युरियमचा लसणासारखा उग्र वास अंगाला आणि कपड्यांना चिकटे, तो अंघोळ करूनही जात नसे. शेवटी मिजली यांनी मूलद्रव्यांची सारणी समोर ठेवून कोणत्या दिशेला गुण वाढतो ते पाहिले आणि शिशापर्यंत पोहोचले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे द्रवरूप संयुग इंजिनात घातले गेले आणि आवाज थांबला. पेट्रोलच्या हजार-तेराशे भागांना त्याचा एक भाग पुरेसा होता.

अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे मिजली यांना ठाऊक होते आणि त्यांनी त्याचे प्रयोगही केले होते. पण ते मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि पेटंट घेऊन त्याच्या विक्रीवर हुकूमत ठेवणे शक्य नव्हते. शिशाचे संयुग थेंबभर लागणार होते आणि त्याचा प्रत्येक थेंब कंपनीकडूनच विकत घ्यावा लागणार होता. निवड शिशाच्या बाजूने झाली.

विष ठाऊक असताना

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमधील एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून त्यासाठी वेगळी कंपनी काढली. मालाचे नाव ठेवले एथिल. त्यात शिशाचा उल्लेख कुठेच नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हा नव्याने कळायचे नव्हते. रंगकाम, छपाई, खाणकाम करणाऱ्यांना होणारी शिशाची बाधा डॉक्टरांच्या ओळखीची होती. हे नवे संयुग तर कातडीतूनही शरीरात शिरते आणि थेट मेंदूवर परिणाम करते. मिजली स्वतः १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या बाधेने आजारी पडले आणि मोकळ्या हवेसाठी फ्लोरिडाला जाऊन राहिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले. काही हिंसक झाले, त्यांना आवरावे लागले. काही दिवसांत ५ जण दगावले आणि कित्येकांना रुग्णालयात हलवावे लागले. वृत्तपत्रांत गदारोळ उठला. ३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर आले. त्यांनी ते द्रव हातांवर ओतून घेतले आणि त्याची वाफ मिनिटभर नाकाने ओढून दाखवली. सावधगिरी बाळगली तर धोका नाही, हे त्यांना पटवायचे होते. ज्या पदार्थाने आपल्याला आजारी पाडले होते, त्याचेच हे प्रात्यक्षिक होते.

मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने तज्ज्ञांची परिषद बोलावली. उद्योगांमधील विषबाधेच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या इंधनाला विरोध केला. त्यांचा मुद्दा कारखान्यापुरता नव्हता, रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचा होता. विक्री काही काळ थांबली. पण सरकारी समितीने काही महिन्यांच्या तपासणीनंतर, १९२६ मध्ये, बंदीला पुरेसे कारण नसल्याचे सांगितले. शिसे थोडे थोडे करून वर्षानुवर्षे शरीरात साठते. इतक्या कमी मुदतीच्या तपासणीत ते दिसणे कठीणच होते.

इंजिनात शिशाची पुटे साचू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे एक संयुगही मिसळले जाई. त्यामुळे शिसे धुराबरोबर बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राहिले, शिसे हवेत आणि रस्त्याकडेच्या धुळीत गेले.

आकडा कुठून आला

याच १९२६ च्या सुमारास ऑक्टेनची मोजपट्टी तयार झाली. ग्रॅहम एडगर या रसायनतज्ज्ञाने अजिबात नॉकिंग सहन न करणाऱ्या हेप्टेनला ० आणि उत्तम सहन करणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० गुण दिले. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसणारे पेट्रोल. हा आकडा इंधनातील ताकद सांगत नाही, ते आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही तेवढेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात या आकड्याचे मोल कळले. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या इंजिनांत सुपरचार्जर हवा कोंबून भरत असे. १०० ऑक्टेनचे शिसेयुक्त इंधन मिळाल्यावर त्यांना हवा आणखी दाबता आली आणि जास्त शक्ती काढता आली. आजच्या मोटारीतला टर्बो त्याच तत्त्वावर चालतो, फक्त तो धुराच्या जोरावर फिरतो.

मिजली यांचे दुसरे मोठे काम फ्रिजसाठी होते. त्या काळचे फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू वापरत. ते गळले की घरातल्यांच्या जिवावर बेते. १९२८ मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी न पेटणारा, विषारी नसलेला क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू सुचवला. १९३० मध्ये त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली. हे प्रात्यक्षिक खरे होते, वायू माणसाला अपाय करत नव्हता. त्याने ओझोनच्या थराला पोचणारी इजा १९७४ मध्ये उघड झाली आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने तो वायू हद्दपार होऊ लागला.

मानसन्मान भरपूर मिळाले. पण १९४० मध्ये मिजली यांना पोलिओ झाला आणि पाय अधू झाले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्याच दोऱ्यांचा फास बसून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

शिसे गेले, आकडा राहिला

१९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनतज्ज्ञाने माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे मांडले. १९७९ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी कमी, असे त्यात दिसले. अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे जसे घटले, तसे रक्तातलेही घटत गेले. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या मोटारींपासून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. नागपुरात वर्धा मार्गावर असलेली नीरी ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिच्या नावात पर्यावरण आले. गाडीचा धूर हा आरोग्याचा प्रश्न आहे ही समज जगभर रुजत होती, तोच हा काळ.

ऑक्टेन आता तेलशुद्धीकरणातील सुधारित प्रक्रियांनी आणि इथेनॉल मिसळून वाढवला जातो. मिजली यांच्या काळात मागे पडलेले अल्कोहोल आज २० टक्क्यांपर्यंत आपल्या टाकीत आहे. त्याचा ऑक्टेन १०० च्या वर असतो, पण ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे मायलेज थोडे घटते.

राहिला गाडीचा प्रश्न. भारतात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बराच काळ किमान ९१ असे. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीचे इंजिन त्यावर चालण्यासाठीच बनवलेले असेल, तर ९७ किंवा १०० भरून शक्ती वाढत नाही. टर्बोमध्ये हवा आधीच दाबलेली आणि तापलेली असते, म्हणून नॉकिंगची शक्यता जास्त. तरी इथे विकल्या जाणाऱ्या अनेक टर्बो गाड्याही ९१ वर चालतील अशाच जुळवलेल्या असतात. टर्बो या शब्दावर जाऊ नये, टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडा पाहावा. तिथे ९५ लिहिले असेल, तर ९५ भरावे. कमी भरल्यास सेन्सर नॉकिंग ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण शक्ती आणि मायलेज दोन्ही घटतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असते. भरलेली गाडी, चढ आणि दुपारचे ऊन एकत्र आले की टकटक ऐकू येऊ शकते. अशा वेळी खालचा गिअर टाकावा, ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. योग्य पेट्रोल भरूनही आवाज थांबत नसेल, तर गाडी मेकॅनिकला दाखवावी. कूलंट कमी असणे, साचलेला कार्बन किंवा चुकीचा प्लग ही कारणे महाग पेट्रोलने दूर होत नाहीत.