पाळण्यामागचे नेपथ्य

नौपाडा (प्रतिनिधी) : गडकरी रंगायतनात नाटके पाहत वाढलेल्या नौपाडेकरांना नेपथ्याचे महत्त्व सांगावयास नको. मात्र पाळण्यालाही नेपथ्य लागते, हे जगाला पटवून दिले ते वॉल्ट डिस्ने यांनी.

५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत जन्मलेल्या डिस्ने यांच्या बालपणाची काही वर्षे मार्सेलिन या छोट्या रेल्वेगावात गेली. मिकी माउसने १९२८ मध्ये त्यांना कीर्ती मिळवून दिली. पुढे मुलींना चक्रीवर बसवून स्वतः बाकावर ताटकळणाऱ्या या पित्याला तत्कालीन करमणूक उद्याने रुक्ष वाटू लागली. तेथे प्रत्येक पाळणा म्हणजे सुटे यंत्र. शेजारच्याशी त्याचे काही नाते नसे. (आपल्या जत्रेतील पाळण्याची गोष्ट निराळी, तेथे जत्रा हेच नेपथ्य!)

थोरले बंधू रॉय साशंक होते. डिस्ने यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि अॅनाहाइम येथील संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून बाहेरचे जग दृष्टीआड केले. प्रवेश करताच मार्सेलिनची आठवण देणारा रस्ता लागे. त्यावरील इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे ठेवले, जेणेकरून त्या उंच भासाव्यात. १७ जुलै १९५५ चा उद्घाटनाचा दिवस मात्र फजितीचा ठरला. बनावट तिकिटांमुळे गर्दी उसळली, पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली, ओल्या डांबरात स्त्रियांच्या उंच टाचा रुतल्या.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी १९५९ मध्ये लागली. पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारी घसरगाडी उघड्यावर उभी न करता त्यांनी ती स्वित्झर्लंडच्या मॅटरहॉर्न शिखराच्या १४७ फुटी प्रतिकृतीत दडवली. गाड्यांना बर्फावरील घसरगाड्यांचे रूप दिले. डोंगरावर वर वर जावे तशी झाडेही लहान लावली. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात राजासॉरस या भारतीय डायनासोरच्या नावाने नौकासफर उभारली गेली, तिचे मूळ याच विचारात सापडते.

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या गल्ल्यांचा चौक डिस्ने यांनी जुलै १९६६ मध्ये खुला केला. त्या चौकाला साजेशी चाच्यांची नौकासफरही आकार घेत होती. १५ डिसेंबर १९६६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पहिली नौका सुटली ती मार्च १९६७ मध्ये.