घर गहाण ठेवून सिनेमा

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी बाहेर बर्फ पडत होता, म्हणून ‘शॅडोज’ हा १९५९चा कृष्णधवल सिनेमा लावला. शेवटी पाटी येते की, आपण पाहिलेला सिनेमा उत्स्फूर्तपणे घडलेला आहे. मी चकितच झालो. हा जॉन कॅसाव्हेटिस कोण, म्हणून शोधत बसलो.

त्याचा जन्म १९२९चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील ग्रीक. लहानपणची काही वर्षं ग्रीसमध्ये गेली आणि सातव्या वर्षी तो परत आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. आमची लेक डेकेअरमध्ये गेली तेव्हा फक्त मराठी बोलायची. शब्द कळेनात तेव्हा ती बाईंचा चेहरा निरखत बसे. मला वाटतं, त्याच्या कॅमेऱ्यालाही तीच सवय होती.

‘शॅडोज’ त्याच्या अभिनय कार्यशाळेतून निघाला. १९५७मध्ये त्याने रात्रीच्या एका रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांकडे पैसे मागितले आणि लोकांनी खरंच पाठवले! पहिला खेळ लोकांना रुचला नाही, तेव्हा त्याने बरेच प्रसंग लिहून पुन्हा चित्रित केले. म्हणजे ती पाटी पूर्ण खरी नाही. पुढच्या सिनेमांच्या तर संहिता लिहिलेल्याच होत्या. पण वाक्य कसं म्हणायचं, कुठे उभं राहायचं, हे तो नटावर सोडायचा. त्यामुळे पात्राच्या आडून तो माणूसच दिसायला लागतो.

स्टुडिओशी त्याचं पटलं नाही. मग ‘द डर्टी डझन’, ‘रोझमेरीज बेबी’ अशा सिनेमांत नट म्हणून कमवायचं आणि ते आपल्या सिनेमात घालायचं, असा संसार सुरू झाला. ‘फेसेस’ (१९६८) बराचसा राहत्या घरात झाला. त्यात लिन कार्लिन ही सेक्रेटरीचं काम करणारी बाई पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आली आणि थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली.

‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी (१९७४) त्याने घरच गहाण टाकलं. ‘कोलंबो’वाल्या पीटर फॉकने स्वतःचे पैसे घातले. बायको जीना रोलँड्स नायिका. त्याची आई आणि सासूही सिनेमात! आपल्या फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली होती आणि सरस्वतीबाई युनिटला रांधून घालत होत्या, ते आठवलं.

त्यात एक प्रसंग आहे. नवरा रात्रपाळीचे सगळे कामगार सकाळी घरी आणतो. बायको स्पॅगेटी करून वाढते, एकेकाला नाव विचारते, आग्रह करते आणि बघता बघता तिचं जरा जास्तच होतं. नवरा एकदम खेकसतो, टेबलावर शांतता पसरते. अशी शांतता आपण सगळ्यांनी कुठल्यातरी घरात अनुभवलेली असते. मी तर नजर वळवली.

वितरक मिळेना, तेव्हा त्याने स्वतः थिएटरांना फोन केले. सिनेमा चालला, त्याला आणि जीनाला ऑस्करची नामांकनंही मिळाली. दारूने मात्र त्याचं यकृत गेलं. ३ फेब्रुवारी १९८९ला, एकोणसाठाव्या वर्षी तो वारला.

आमच्या घराचा हप्ता दर एक तारखेला जातो. असल्या वेडापायी मी घर गहाण टाकेन का? नाही टाकणार. पण त्याने टाकलं, म्हणून ते टेबल मला बघायला मिळालं. जमलं तर तुम्हीही बघा, घरच्यांना शेजारी बसवून.