मुलांना जामीन राहणारा बूट कारागीर : जॉन ऑगस्टस

समाजकार्य किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांनी जॉन ऑगस्टस हे नाव परीक्षेपुरते पाठ केलेले असते. परिविक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे जनक. एका गुणाचे उत्तर. वस्तीतल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळात जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा मला या माणसाचे मोल कळले.

ऑगस्टस हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले. आधी लेक्झिंग्टन गावात आणि नंतर बोस्टन शहरात त्यांचा बूट बनवण्याचा धंदा होता. आपल्याकडे चामड्याच्या कामाला जातीचा विटाळ चिकटवला गेला, तसे तिथे नव्हते. पण कायद्याची पदवी किंवा सरकारी पद यातले काहीही त्यांच्याकडे नव्हते. दारू सोडवण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे ते सभासद होते, एवढेच.

१८४१ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ते बोस्टनच्या पोलीस कोर्टात बसले होते. दारूच्या आरोपाखाली एका फाटक्या माणसाला आणले गेले. त्याची रवानगी तुरुंगात होणार हे ठरलेलेच होते. ऑगस्टस त्याच्याशी बोलले आणि कोर्टाच्या परवानगीने त्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी तो माणूस परत उभा राहिला तेव्हा ओळखू येईना. न्यायाधीशांनी एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च भरायला लावून त्याला सोडले.

थोड्याच वर्षांत ऑगस्टस मुलांनाही जामीन राहू लागले. १८४७ मध्ये त्यांनी ७ ते १५ वर्षांच्या १९ मुलांना सोडवून आणले. कोर्टाशी ठरले ते असे : खटले लगेच निकाली काढायचे नाहीत, काही महिने पुढे ढकलायचे. दर महिन्याला पुकारा झाला की ऑगस्टस हजर राहून मुलांची हकिकत सांगत आणि पुढची तारीख पडे. पाच-सहा महिन्यांनी त्यांतली १२ मुले एकदम कोर्टात आली, तेव्हा त्यांच्यातला बदल पाहून न्यायाधीशही चकित झाले. दंड ठरला प्रत्येकी फक्त १० सेंट. सात मुलांना तेवढेही परवडत नव्हते. ते पैसे ऑगस्टस यांनी भरले.

हे सगळ्यांना रुचले नाही. आरोपीला तुरुंगात पोहोचवले की अंमलदारांना माणशी पैसे मिळत. जामीन झाला की ती कमाई बुडे, म्हणून त्यांनी ऑगस्टस यांना जमेल तेवढा त्रास दिला. इकडे धंद्याकडे दुर्लक्ष होऊन तो बंद पडला आणि पुढचे काम लोकांच्या देणग्यांवर चालले. १८५८ पर्यंत ते १,९४६ जणांना जामीन राहिले होते. १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून बोस्टनमध्ये पगारी परिविक्षा अधिकारी नेमण्याची सोय केली.

मला थांबून विचार करायला लावते ती त्यांची तारीख. खटला त्यांच्याकडेही लांबत होता. पण तो वेळ मूल बाहेर, माणसांत काढत होते. आपल्याकडे तारीख पुढे गेली की मूल निरीक्षणगृहात राहते, शाळेतले नाव कटते आणि आईची मजुरी बुडते.

आपला कायदा ऑगस्टस यांच्या बाजूचाच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांत मंडळापुढे न्यायचे असते. गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम. नाकारायचा तर कारणे लिहावी लागतात. जामीनदाराशिवायही सोडता येते, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या हवाली करता येते. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचे असते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायला हवा. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी आणि फार तर दोन महिने वाढवता येते. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होते.

तरीही मुले अडकून पडतात, कारण हे दिवस मोजणारे कोणी नसते. आईला कलम माहीत नसते, वडील कामावर असतात आणि घरचा पत्ता पडताळायला गेलेला माणूस कुलूप पाहून परततो. मीही एकदा अहवाल का आला नाही हे विचारायला उशीर केला आणि एका मुलाची परीक्षा हुकली. ती चूक माझ्या डोक्यातून जात नाही.

तरुण मित्रांनो, विहारात रविवारी जमणाऱ्या आपल्या प्रत्येक गटात दोघांनी तरी हे काम अंगावर घ्यावे. वस्तीतले मूल ताब्यात गेले की त्याच दिवशी आईसोबत मंडळात जा. आधार कार्ड, शाळेचा दाखला सोबत ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागा. अहवालाचा १५ वा आणि जामिनाचा ७ वा दिवस वहीत लिहून ठेवा. ऑगस्टस यांच्यापाशी असा कायदा नव्हता. ते फक्त दर तारखेला कोर्टात हजर असत.