धोक्याची घंटा आणि सर विश्वेश्वरय्या

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण मी किल्लारीची आहे.

मागच्या उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी मी आगीच्या धोक्याची पाहणी करणाऱ्या एका सरांबरोबर फिरत होते. एका इमारतीत अलार्मच्या पॅनेलवर हिरवा दिवा होता. सरांनी फॉर्मवर टिक केली. दार लावून झोपलेल्या माणसाला ही घंटा ऐकू येते का, असं मी विचारलं. ते अलार्म बसवणाऱ्याचं काम, आपलं नाही, असं उत्तर मिळालं. मला काही ते पटलं नाही. पुढे इंजिनिअर्स डेच्या भाषणासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं चरित्र वाचलं आणि खरं उत्तर तिथे सापडलं.

म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडील लवकर गेले. शिकवण्या करत बंगळूरला शिकला, मग शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) आला आणि १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. म्हणजे माणूस कर्नाटकातला, पण उमेदीची वर्षं आपल्याकडेच गेली.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचं जादा पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जायचं. ते अडवावं तर मोठ्या पुरात धरणालाच धोका. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये तिथे स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच बळावर दारं उघडायची, पातळी उतरली की मिटायची. मध्यरात्री पूर आला तरी चौकीदाराला उठवायची गरज नव्हती. धोक्याचा हिशेब करणारा आणि घंटा बनवणारा इथे एकच माणूस होता.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरात हैदराबादमध्ये हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते शहरातला काठ पाहून थांबले नाहीत. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या, वरच्या खोऱ्यातले तलाव अभ्यासले. त्यातले दोनशेहून जास्त तलाव फुटले होते! म्हणून त्यांनी पूर शहराच्या वरच अडवायची योजना दिली. त्यातूनच उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले.

पुढे म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. असो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुणे पाण्यात गेलं. तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. त्यांची दारं नदीच्या पुरासाठी होती, वरचं धरण फुटून येणाऱ्या लोंढ्यासाठी नव्हती. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते कुठे कमी पडेल हेही माहीत हवं.

आता माझं गाव. तेही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होतं. भूकंपाच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याची. पण १९९२ मध्ये तिथली जमीन पुन्हा पुन्हा हादरत होती. आजी सांगते, लोक काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली आणि परत घरात गेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर पडल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नाही, आजही नाही. पण ती घरं धोक्याची आहेत, एवढं तर सांगता आलं असतं. २००२ च्या नकाशात झोन एक काढूनच टाकला. आम्हाला त्याचा काय उपयोग?

म्हणून मला वाटतं, धोका मोजणाऱ्याला अलार्मची वायरिंग करता आली नाही तरी चालेल. पण घंटा कशाने वाजते, कशाने वाजत नाही आणि वाजल्यावर कुणाला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत असलंच पाहिजे. टिक त्यानंतर.

मित्रांनो, आज झोपण्याआधी आपल्या मजल्यावरची घंटा कुठे आहे, तेवढं बघून या.