रामोन सेंदेर : ग्रामजीवन आणि बालदृष्टी

रामोन होसे सेंदेर यांचा जन्म १९०१ साली स्पेनमधील आरागोन प्रांतातल्या चालामेरा या खेड्यात झाला. बालपण आल्कोलेआ दे सिंका आणि ताउस्ते या गावांत गेले. मोरोक्कोतील सैनिकी सेवा, माद्रिदमधील पत्रकारिता, कादंबरीकार म्हणून मिळालेली मान्यता हे टप्पे सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरते ते १९३६ हे वर्ष. यादवी युद्ध पेटताच ऑगस्टमध्ये त्यांचे बंधू मानुएल यांना उएस्का येथे गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये पत्नी आम्पारो बारायोन यांची सामोरा येथे हत्या झाली. १९३९ मध्ये सेंदेर दोन मुलांसह अमेरिकेत पोहोचले. मुले तेथील एका कुटुंबात वाढली आणि ते स्वतः मेक्सिकोला गेले. बालपणाची कथा त्यांनी लिहिली ती या वियोगानंतर.

'क्रोनिका देल आल्बा' १९४२ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झाली. निवेदक पेपे गार्सेस. होसेचे लाडके रूप पेपे आणि गार्सेस हे लेखकाच्या आईचे कुलनाम. हा पराभूत सैनिक फ्रान्समधील छावणीत मृत्यूची वाट पाहत आपले गाव, कठोर वडील आणि व्हालेंतिना आठवतो. या कादंबरीला केवळ स्मरणरंजन म्हणणे उथळपणाचे होईल. त्या निरागसतेची किंमत वाचकाला आरंभीच ठाऊक असते.

बालदृष्टीचे खरे सामर्थ्य मात्र १९५३ च्या लघुकादंबरीत प्रकटते. प्रथम 'मोसेन मिल्यान' हे शीर्षक असलेली ही कृती पुढे 'रेक्विएम पोर उन काम्पेसिनो एस्पान्योल' म्हणून ओळखली गेली. धर्मगुरूसोबत अंत्यविधीसाठी गुहेत गेलेला छोटा पाको मरणासन्न माणसाचे दारिद्र्य पाहतो. तेथे पाणी नाही, दिवा नाही, विस्तव नाही. धर्मगुरूला हे दृश्य सवयीचे आहे. मुलाला ते असह्य होते आणि तो प्रश्न विचारत राहतो. प्रौढ पाको सरंजामदाराच्या खंडाविरुद्ध उभा राहतो, त्याचे मूळ या भेटीत आहे. त्याच्या लपण्याची जागा अखेर त्याच धर्मगुरूच्या तोंडून मारेकऱ्यांना कळते. वर्षभरानंतर पाकोच्या श्राद्धप्रार्थनेसाठी गावकरी येत नाहीत. त्याच्या मृत्यूचा पोवाडा तुटक तुटक गुणगुणतो तोही वेदीपाशी सेवा करणारा एक मुलगाच.

१९४७ ते १९६३ या काळात सेंदेर न्यू मेक्सिको विद्यापीठात अध्यापन करीत होते. 'क्रोनिका'चे नऊ भाग १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९७४ साली ते स्पेनला जाऊन आले. १९८२ च्या जानेवारीत सान दिएगो येथे त्यांचे निधन झाले.