हरपलेला कंठ, घडलेली गायकी

जयपूर घराण्याची गायकी आज महाराष्ट्राची म्हणूनच ओळखली जाते. परंतु तिचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ हे राजस्थानातले. त्यांचा जन्म १८५५ साली जयपूर राज्यातील उनियारा येथे झाला. घराणे पिढीजात धृपद गाणाऱ्यांचे व मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. वडील लवकर निवर्तल्यामुळे मुलाच्या तालमीचा भार चुलते जहांगीरखाँ यांनी उचलला. आधी धृपद-धमार, मग ख्याल, असे हे शिक्षण कित्येक वर्षे चालले. महाराजा रामसिंहांच्या आश्रयामुळे त्या काळी जयपूर गुणीजनांनी गजबजलेले असे. तेथे ऐकलेल्या मुबारकअलीखाँच्या पेचदार तानांचा ठसा तरुण अल्लादियांच्या मनावर कायमचा उमटला.

पुढे लहानमोठ्या दरबारांतून गात ते आमलेटा येथे आले. तेथील अधिपतीला त्यांच्या गाण्याचे इतके वेड लागले की, तो त्यांना रोज तासन्‌तास गावयास लावी. अखेर व्हायचे तेच झाले. गळा बसला आणि सुमारे दोन वर्षे गाणे बंद पडले. ज्याची भाकर कंठावर अवलंबून, त्याने करावे काय? पुढे आवाज परतला, पण पहिला गोडवा व सहजता परतली नाही.

खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली: संथ लय, मोकळा आकार आणि तालाच्या मात्रामात्रेशी गुंफलेल्या वक्र ताना. अनवट राग त्यांनी पुन्हा प्रचारात आणले आणि ‘अहमदपिया’ या नावाने स्वतः बंदिशी रचल्या. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायाचे भाषांतर करताना मला वारंवार त्यांची आठवण होई. त्या कुंभाराच्या हातून भांडे बिघडते, पण तो माती टाकून देत नाही, हे आपण वाचताना फार घाईने ओलांडतो.

१८९५ साली शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवून घेतले. उत्तरेच्या या गवयाला खरे घर मिळाले ते येथे. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस आले. भास्करबुवा बखले, गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. केसरबाईंना त्यांनी वर्षानुवर्षे कसून तालीम दिली. मंजीखाँ व भुर्जीखाँ या पुत्रांनीही तोच वारसा चालविला. पैकी मंजीखाँ १९३७ साली वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. वृद्धपणी हा घाव त्यांना सोसावा लागला.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे नाही. केसरबाईंच्या मात्र आहेत. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात पाठविली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांतील तबकडीवर निवडक संगीत कोरले होते, आणि त्यात केसरबाईंनी गायिलेली भैरवी आहे.